माळ्यावरच्या ट्रंकेतला फौजी फोटो, काळं पदक आणि मोडीतलं कार्ड: ओळखायला मदत हवी

वाशिष्ठीकाठ (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. खालचं सगळं गेलं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तेवढी वाचली. ती परवा गणपतीला गेलो तेव्हा उघडली. तीन वस्तू निघाल्या.

१) फ्रेममधला फोटो. फेटा बांधलेला, खाकी कोटातला उभा माणूस, शेजारी तिपाईवर फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर कुठल्यातरी राजवाड्याचा जिना. बाहीवर तीन फीत, छातीवर छोट्या आडव्या पट्ट्या. ओलीमुळे फोटोचा खालचा कोपरा काचेला चिकटलाय.

२) एक गोल पदक, रिबन नाही. काळपट. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर नागडा माणूस. आमची काकू म्हणाली, चांदीचं आहे, काळं पडलंय.

३) एक पोस्टकार्ड. चित्राच्या बाजूला खाडी, होड्या आणि खजुराची झाडं. मागे मोडीत मजकूर.

घरात एवढंच सांगतात की पणजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते, पहिल्या महायुद्धात कुटच्या (तेव्हाचा मेसोपोटेमिया, आताचा इराक) वेढ्यात होते आणि उपासमार झाली तरी घोड्याचं मांस त्यांनी तोंडाला लावलं नाही. दर गणपतीला हे ऐकत मोठा झालो. पदक आणि फोटो दोन्ही त्यांचेच, असं आम्ही धरून चाललोय. आणखी काय कळू शकेल? सगळ्यांची छायाचित्रं खाली लावली आहेत.

पितळी बक्कल (शनिवार, रात्री १०:१५)

आधी हात जोडून विनंती: पदक घासू नका. काकूंना दिसणार नाही अशा जागी ठेवा.

आता फोटो. तीन फीत म्हणजे हवालदार. एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. सुभेदाराला बाहीवर फीत नसते, खांद्यावर दोन तारे असतात. जमादाराला एक तारा, सुभेदार मेजरला मुकुट. मन खट्टू करून घेऊ नका, हे घराघरात झालंय. आमच्याकडचे एक नाईक वारल्यानंतर तीस वर्षांत सुभेदार मेजर झाले.

मला तीन गोष्टी हव्यात. खांद्यावरच्या पितळी अक्षरांचा जवळून फोटो. छातीवरच्या पट्ट्यांचा जवळून फोटो. आणि पदकाच्या कडेचा फोटो, पूर्ण गोल फिरवून, सात-आठ तुकड्यांत. नाव कडेवर असतं, तोंडावर नाही. लोक राजाच्या नाकाचे वीस फोटो पाठवतात आणि कडेचा एकही नाही.

हायपो (शनिवार, रात्री ११:०२)

काचेला चिकटलेला कोपरा ओढू नका! पाणी लावून, वाफ देऊन सोडवायचा प्रयत्नही नको. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, तो काचेबरोबरच सुटून येतो आणि कागद हातात राहतो. काचेसकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी, सावलीत, मोबाईल अगदी समांतर धरून काढा. मोबाईलच्या मागे काळं कापड धरलंत तर काचेतलं प्रतिबिंब जातं.

एक चाचणी घरच्या घरी होते. नोटा तपासायचा जांभळा दिवा किराणा दुकानात असतो ना, तो अंधारात कागदाच्या मागच्या बाजूवर धरा. कागद निळसर-पांढरा झगमगला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं त्याआधी फोटोच्या कागदात नव्हती. मळकट, निर्जीव दिसला तर चांगली खूण. जुन्या फोटोंच्या नव्या प्रती या एका दिव्यावर पकडल्या जातात.

दुसरं, फोटो तिरपा करून काळ्या भागाकडे बघा. आरशासारखी निळसर चमक दिसते का? दिसली तर चांदी वर आलेली आहे. तशी चमक नव्या छापील प्रतीला आणता येत नाही.

जुनाबाजार (रविवार, सकाळी ७:२०)

पदकाचे किती सांगता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चांदीचा भाव लावून वर थोडे देईन.

पितळी बक्कल (रविवार, सकाळी ७:३१)

जुनाबाजारभाऊ, चहा तरी होऊ द्या. आणि वाशिष्ठीकाठ, चांदीच्या भावाने पदक द्यायचं असेल तर सोनाराकडेच जा. पहिल्या महायुद्धाची चांदीची किती पदकं गावोगावच्या सोनारांच्या मुशीत गेली त्याला गणती नाही. एकेकात साधारण तीन तोळे चांदी असायची. लेकीच्या लग्नात पैंजण झाले असतील. त्याला नावंही ठेवता येत नाहीत म्हणा.

वाशिष्ठीकाठ (रविवार, दुपारी १:०५)

सगळं केलं. दिवा वाण्याकडून मागून आणला, कागद अजिबात चमकला नाही. फेट्याच्या सावलीत निळसर चमक आहे.

खांद्यावर मोठं करून बघितलं तर आकडा स्पष्ट दिसतोय: ११७. खालची अक्षरं धूसर.

छातीवर तीन पट्ट्या आहेत. पहिलीची डावी कड काळी, मध्ये पांढरी, उजवीकडे फिकट राखाडी. दुसरीच्या मधोमध रुंद गडद पट्टा. तिसरी नुसती राखाडी, मध्ये थोडी गडद. चुलतभावाने एका ॲपमध्ये घालून रंगीत करून दिला, त्यात पट्ट्या हिरव्या आल्यात आणि फेटा भगवा. तो फोटोही लावलाय.

पदकाची कड फार झिजली आहे. काकूने कबूल केलं: दिवाळीला भांड्यांबरोबर चिंच लावून दोन-तीन वेळा घासलंय.

हायपो (रविवार, दुपारी २:४०)

रंगीत फोटो आधी बाजूला ठेवा, धाग्यावरूनही काढा. यंत्राला ११७ काय आणि रिबन काय, काही ठाऊक नसतं. ते अंदाज करतं, आणि मग तोच फोटो व्हॉट्सॲपवर फिरून पुरावा होतो.

त्या काळातल्या प्लेटा आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल जवळजवळ काळा येतो, नारिंगी गडद येतो आणि निळा मात्र फिकट, कधीकधी पांढराच. आपलं डोकं उलटं चालतं, निळा गडद वाटतो. त्यामुळे जुन्या फोटोतल्या रिबनी वाचताना भलेभले फसतात. आता तुमचं वर्णन पुन्हा वाचा: काळी, पांढरी, फिकट. म्हणजे लाल, पांढरा, निळा. बक्कलराव, बरोबर ना?

पितळी बक्कल (रविवार, दुपारी ३:१०)

शंभर टक्के. लाल-पांढरा-निळा म्हणजे १९१४-१५ चा स्टार हे पदक. मधोमध गडद, म्हणजे नारिंगी, आणि दोन्ही कडांना पांढऱ्या-काळ्या-निळ्या रेघा, म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. तिसरी इंद्रधनुषी, मध्ये लाल: व्हिक्टरी मेडल. तिन्हींची घालायची क्रमवारीही हीच.

यातून फोटोची तारीख निघते. वॉर मेडल जाहीर झालं जुलै १९१९ मध्ये, व्हिक्टरी मेडल सप्टेंबर १९१९ मध्ये. म्हणून फोटो १९१९ च्या शेवटाच्या आधीचा असूच शकत नाही. आणि खांद्यावर ११७ आहे, म्हणून १९२२ च्या नंतरचा असणं अवघड. त्या साली जुने आकडे गेले आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या सगळ्या पलटणी एकाच ५ व्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत गोवल्या गेल्या, केंद्र बेळगावला. तीन वर्षांच्या आत फोटो आला. एवढी नेमकी तारीख फार क्वचित मिळते हो!

(अवांतर: खांद्यावर कधी १११ दिसलं तर मला लगेच कळवा. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. तिच्या वस्तू हाताला लागत नाहीत.)

आता पदक. तुमच्या छायाचित्रात घोड्याच्या ढोपरावर आणि राजाच्या गालावर, म्हणजे जिथे झीज जास्त तिथे, रंग कसा आहे? पांढरा की तांबूस?

वाशिष्ठीकाठ (रविवार, दुपारी ३:२५)

तांबूस. अगदी जुन्या पैशासारखा.

पितळी बक्कल (रविवार, दुपारी ३:५८)

मग नीट बसा.

हे चांदीचं काळं पडलेलं नाही. हे ब्राँझचं आहे, आणि मुळातच ब्राँझचं काढलेलं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीत साधारण ६५ लाख निघाली. ब्राँझमध्ये फक्त सुमारे १ लाख १० हजार. ही ब्राँझची मुख्यतः चिनी, माल्टीज आणि हिंदी मजूर-हमाल पलटणींना दिली. छाप तोच, घोडा तोच, राजा तोच, धातू तेवढा हलका. बंदूक घेतलेल्याला चांदी, पाटी घेतलेल्याला ब्राँझ.

तुमच्या फोटोतला हवालदार ११७ व्या मराठ्यांचा लढाऊ शिपाई आहे. त्याला चांदीचंच मिळणार. म्हणून हे पदक त्याचं नाही.

सातारी कंदी (रविवार, दुपारी ४:१२)

आयला! धागा रंगला.

बक्कलराव, मध्येच विचारतो. माझ्याकडे आजोळचं व्हिक्टरी मेडल आहे, पंखवाली बाई असलेलं. मागे १९१४-१९१९ लिहिलंय. पुण्यात रविवारी बाजारात एकाला दाखवलं तर म्हणाला नकली आहे, युद्ध १९१८ ला संपलं, हे शंभर रुपयांत दे. मी दिलं नाही, पण मनात किडा राहिला.

पितळी बक्कल (रविवार, दुपारी ४:२०)

अस्सल आहे. व्हिक्टरी मेडलवर १९१४-१९१९ च असतं, वॉर मेडलवर १९१४ आणि १९१८. नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, तह झाला जून १९१९ ला. नकली म्हणणाऱ्याने शंभर रुपये का देऊ केले, हे विचारायला हवं होतं.

सातारी कंदी (रविवार, दुपारी ४:२६)

हा हा. आमच्याकडे गावाच्या वेशीत दगड आहे त्यावरही १९१४-१९१९ च कोरलंय: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातले इतके कामी आले. नाव एकाचं नाही, नुसते आकडे. असे दगड आमच्या जिल्ह्यात कितीतरी गावांत आहेत. अपशिंगे तर नावातच मिलिटरी लावतं, तिथले ४६ जण कामी आले त्या युद्धात. वाशिष्ठीकाठ, तुमच्या गावात बघा बरं.

टपालखिडकी (रविवार, सायंकाळी ६:३०)

कार्डाबद्दल कोणीच बोलेना म्हणून आलो.

चित्राची बाजू फोटो नाही, छपाई आहे. सोनाराच्या भिंगातून बघा, ठिपके ठिपके दिसतील. खरा फोटो असलेल्या कार्डाला भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, सलग राखाडी दिसतो. अशी छापील कार्डं इराकमधल्या बसऱ्याच्या बाजारात सैनिकांसाठी ढिगाने विकायला असत. खाडी बहुतेक अशारची, बसऱ्याचीच.

खरी गंमत तिकिटावर आहे. तुमच्या छायाचित्रात पंचम जॉर्जच्या तिकिटावर तीन काळी अक्षरं आडवी छापलेली दिसतात: आय, ई, एफ. इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्ससाठी हिंदुस्थानची तिकिटं अशी वर छापून १९१४ पासून वापरात होती. शिक्का फील्ड पोस्टाचा, म्हणजे आघाडीवरच्या फौजी टपालाचा आहे. साल १७ वाचता येतं, महिना पुसलाय. तिकीट कार्डावरून काढू नका. सुटं तिकीट चार पैशांचं, कार्डासकट ते कागदपत्र होतं.

पितळी बक्कल (रविवार, सायंकाळी ७:०५)

१९१७? मग कुटच्या गोष्टीला अडचण आली.

११७ वी कुटमध्ये होती हे खरं, १०३ आणि ११० सुद्धा. टाउनशेंडच्या ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर डिसेंबर १९१५ ला अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं हेही खरं आहे, शेवटी शेवटी बऱ्याच जणांनी खाल्लं. पण शरण गेलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत १९१८ पर्यंत होते. कैदेतला माणूस १९१७ ला बसऱ्याच्या फील्ड पोस्टातून घरी कार्ड टाकू शकत नाही.

दोन वाटा उरतात. वेढा पडला तेव्हा पलटणीतला प्रत्येक जण आत नव्हता. जखमी, आजारी, मागे डेपोत असलेले बाहेर राहिले. दुसरी वाट, शरणागतीनंतर तुर्कांनी हजारभर आजारी-जखमी अदलाबदलीत सोडले, त्यात तो असेल. त्याच्या छातीवर १९१४-१५ चा स्टार आहे, म्हणजे १९१५ संपायच्या आत तो आघाडीवर पोचला होता एवढं पक्कं. पण कार्ड त्यानेच लिहिलं का, ते आधी कळू दे. मोडी वाचणारं कोणी आहे का इथे?

बोरू (रविवार, रात्री ९:५०)

आहे, आहे. स्वयंपाक आटोपला, आता बसले.

अक्षर शिपायाचं नसावं, पलटणीतल्या लेखकाचं आहे. ओळ एकदम सरळ, शिरोरेषा आधी पट्टीने ओढल्यासारखी, हात न उचलता लिहिलेलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, म्हणून देवनागरीत उतरवताना मी नीट करून घेतलंय. पहिल्या ओळीतलं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम गाळते.

"तीर्थरूप राजश्री दादा वडिलांचे सेवेसी बालकाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आम्ही सुखरूप आहो. पायाची जखम भरोन आली. धाकटे बंधू हमालाचे पलटणीत बसऱ्यास आले. बाजारात अकस्मात भेट जाहली. बारीक दिसतात. रुपये पाठविले ते पावले किंवा कसे ते लिहावे. भातकापणी जाहली असेल. आईस..."

पुढचं पाण्याने उडालंय. "आईस" नंतर एकच अक्षर आहे, ते सां असावं, म्हणजे सांगणे.

पितळी बक्कल (रविवार, रात्री १०:०४)

हमालाचे पलटणीत.

वाशिष्ठीकाठ, पदकाची कड पुन्हा बघा. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च कडेला अगदी टेकवून आडवा धरा, समोरून नको. झिजलेल्या अक्षराचा खड्डा उथळ असतो, सावली लांब पडली तरच दिसतो. पणजोबांचं नाव इथे सांगू नका, पहिलं अक्षर जुळतं का तेवढं सांगा.

वाशिष्ठीकाठ (रविवार, रात्री ११:३५)

बायको म्हणतेय झोपा आता, पण झोप उडाली आहे.

टॉर्चने बघितलं. आधी आकडे, मग डी, एच, ओ, पुढे काही नाही. मग बरीच जागा गेलेली, आणि शेवटी पी, ओ, आर, टी, मग एक सी. पणजोबांचं नाव र वरून आहे.

पितळी बक्कल (रविवार, रात्री ११:४१)

पोर्टर कोअर, म्हणजे हमालांची पलटण. धो वरून कोणीतरी. घरात विचारा.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, दुपारी १२:१५)

काल आत्याला फोन केला. वय ८६, ऐकू कमी येतं, पण मागचं सगळं लख्ख. मी विचारलं, पणजोबांना भाऊ होता का. म्हणाली, होता की, धाकटा. मुंबईला गोदीत हमाली करायचा, तिथूनच बोटीवर चढला. परत आला पण फारसा बोलायचा नाही, लग्न केलं नाही. नाव धो वरूनच.

मग म्हणाली, अरे, आपलं बसऱ्याचं खाचर त्याच्याच पैशातून घेतलंय ना.

नदीकडेला आमचं एक भातखाचर आहे, त्याला सगळे बसऱ्याचं खाचर म्हणतात. मी लहानपणापासून समजत होतो की जमीन खोलगट, बसकी आहे म्हणून बसऱ्याचं. चाळीस वर्षं तिथे आवणी केली आणि हे माहीत नव्हतं.

हवालदार पणजोबांची तीन पदकं कुठे गेली ते आत्यालाही ठाऊक नाही. काकूला विचारायची हिंमत होत नाहीये.

जुनाबाजार (मंगळवार, दुपारी १:००)

आता विकू नका हो. मीच सांगतो.

बोरू (मंगळवार, दुपारी १:१८)

"बारीक दिसतात" ही ओळ परत परत वाचतेय.

अंजनवेल (मंगळवार, दुपारी ३:४५)

छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. एक व्यवहाराची गोष्ट. परदेशातल्या संग्राहकांना अशा वस्तू पाठवायचा मोह आवरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. ट्रंकेत कधी संगीन निघाली तर १९५९ चा शस्त्र कायदा आहेच, नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचं प्रकरण तपासून घ्या. आणि जुनं काडतूस किंवा गोळा निघाला तर हात न लावता पोलिसांना फोन. शोभेला ठेवलेला गोळा जिवंत असू शकतो.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, सायंकाळी ५:३०)

पुढे कुठे शोधू? नाव सापडेल का कुठे?

पितळी बक्कल (मंगळवार, सायंकाळी ६:१०)

खरं सांगतो, हमालाचं नाव कागदात सापडणं कठीण. लाहोर संग्रहालयातली नोंदणी पुस्तकं ऑनलाइन आली आहेत, तीन लाखांवर नावं, पण ती पंजाबची. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांना थडगं नाही अशांची चाळीस हजारांवर नोंद झाली, तिथेही हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा. तुमचे दोघे परत आले, म्हणून ते त्यातही नाहीत.

हवालदारासाठी वाट आहे. ११७ व्या मराठ्यांच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. शिपायांची नावं त्यात क्वचितच येतात, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ फुकट आहे, तिथे बॉम्बे, पोर्टर, मेसोपोटेमिया असे शब्द इंग्रजीत घालून बघा. शब्दलेखन मात्र जुनं: मराठा लिहिताना मध्ये एच आणि पुढे दोन टी.

धाकट्यासाठी तुमच्याकडे जे आहे तेच सगळ्यात मोठं कागदपत्र: ते कार्ड आणि ती झिजलेली कड. दोन्ही बिनआम्लाच्या कागदात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कोकणात तर नकोच. फोटोच्या मागे पेनने काही लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा: हा कोण, हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं. आत्याचं नाव आणि तारीख घाला.

सातारी कंदी (मंगळवार, रात्री ८:२२)

आणि वेशीतला दगड?

वाशिष्ठीकाठ (रविवार, रात्री ८:५०)

जाऊन आलो. आहे! देवळाच्या मागे, चाफ्याच्या बुंध्याशी, अर्धा मातीत. एवढी वर्षं त्यावर चपला काढत होतो. वरची ओळ वाचता येते, गावाचं नावही. आकडा ७ किंवा ९ आहे, शेवाळ आहे म्हणून नक्की कळेना. मेलेल्यांचा आकडा मातीखाली गेलाय. पुढच्या रविवारी परत जातोय. अक्षरात चुना किंवा पीठ भरून फोटो काढला तर चालेल का?

हायपो (रविवार, रात्री ९:०५)

चुना नको, पीठ तर अजिबात नको, मुंग्या आणि बुरशी येते. तारेचा ब्रशही नको. नुसतं पाणी आणि नारळाची मऊ शेंडी. सकाळी साडेसातला जा, ऊन तिरपं असताना. ऊन दगडावर समोरून नाही, बाजूने येत असेल तर उत्तमच, नसेल तर एकाला मोठा आरसा धरून उभा करा आणि ऊन बाजूने सोडा. सात की नऊ, तेव्हा कळेल.

वाशिष्ठीकाठ (रविवार, रात्री ९:११)

आरसा काकूच्या कपाटाचा आहे. बघतो, देते का.